अम्मीच्या पुड्या

माझा स्वभाव संशयी आहे. लोक हे पाठीमागं बोलतात, नवरा तोंडावर बोलतो. बारामतीच्या मार्केट यार्डात आमचा फळांचा गाळा आहे आणि तो मी नवऱ्याच्या बरोबरीनं चालवते. या धंद्यात भोळं राहून चालतच नाही. वरच्या थराला लालबुंद डाळिंब आणि खाली किडकी, असं कॅरेट मी इतक्यांदा बघितलंय की आता कुणीही आणलेलं कॅरेट आधी पालथं करते, मग बोलते. केळी पिवळीधमक दिसली की मी पहिलं विचारते, कशानं पिकवली. द्राक्षाचा मणी नको इतका फुगलेला दिसला की विचारते, कितीदा औषधात बुडवला. शेतकरी हसतात. एकजण तर म्हणाला होता, ताई, तुमी पोलिसात पायजे हुत्या.

आणि आमच्या धंद्याची एक रीत आहे, ती अब्बांनी मला लहानपणीच लावली. डागी फळ हाताला लागलं की ते त्याच क्षणी बाहेर. ठेवू का, बघू का, असा विचार करत बसलं की सकाळपर्यंत शेजारची चार फळं गेलेली असतात. मी आयुष्यभर तसंच केलं. फळांच्या बाबतीत केलं आणि माणसांच्या बाबतीतही केलं.

अब्बा गेल्यावर अम्मी निरवांगीला भावाकडं राहिली. भावाची पेरूची बाग आहे. आमचा टेम्पो दर आठवड्याला तिकडं जातो, रिकामी कॅरेट टाकतो, भरलेली उचलतो. टेम्पो नवराच चालवतो. मी महिन्यातून एकदा, फार तर दोनदा त्याच्याबरोबर जायची. गाळा सोडून रोज रोज कोण जाणार?

तीनेक वर्षांपूर्वी अम्मीचे गुडघे धरले. तिनं ते मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पेरू निवडत होते. ती शेजारी बाजेवर बसली होती आणि म्हणाली की नमाजात सजद्याला, जमिनीला कपाळ टेकायला, वाकलं की उठताच येत नाही, भिंतीला धरून उठावं लागतं. मी मान वरसुद्धा केली नाही. मला वाटलं, भाभीनं, म्हणजे माझ्या भावाच्या बायकोनं, हिला कामाला जुंपलं असणार आणि आता हिला ते सरळ बोलायचं नाहीये. मी म्हटलं, खुर्चीवर बसून पढ की नमाज, यार्डातल्या मशिदीत निम्मी माणसं खुर्चीवर असतात.  अम्मी उठून आत गेली. ती रडली होती हे भाभीनं मला पुढं बऱ्याच दिवसांनी सांगितलं, आणि तेव्हाही माझा विश्वास बसला नाही.

पण नंतर आक्रीतच झालं. दोन-तीन महिन्यांत अम्मी चालायला लागली. खुर्ची कोपऱ्यात गेली आणि जानमाज, नमाजाची चटई, पुन्हा जमिनीवर आली. त्या रमजानमधे तिनं तरावीह, रात्रीची ती लांबलचक नमाज, उभ्यानं पढली. तब्येतीनंही भरली. सगळ्यांना सांगत सुटले मी, माझी अम्मी या वयात कशी ठणठणीत झाली बघा. पेरू कुणी मला इतका गुळगुळीत आणून दाखवला असता तर मी तो दहा वेळा वास घेऊन बघितला असता. अम्मीच्या बाबतीत मला एकदाही शंका आली नाही.

शंका आली ती तिचा चेहरा गोल व्हायला लागला तेव्हा. अम्मीचा चेहरा मुळातला लांबट, हाडं दिसणारा. तो भाकरीसारखा गोल झाला, गाल तांबडे झाले, मानेच्या मागं मांसाचा उंचवटा आला. पोट सुटलं, पण हातपाय मात्र काड्या. अशी कुठं चरबी चढते का, एकीकडं चढायची आणि दुसरीकडं उतरायची? मग तपासणीत साखर निघाली, बीपी निघालं. आणि एकदा मी तिला बांगड्या चढवत होते तर दंडावर काळेनिळे डाग. एक नाही, पाच-सहा. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, दाराला हात लागला. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या हातावर डाग. दार काय रोज उठून मारतं का?

खोटं सांगत नाही, माझं रक्त तापलं. भाभी गरीब गायीसारखी दिसते, खाली मान घालून बोलते, आणि मला अशी माणसं कधीच खरी वाटत नाहीत. मी पाळत ठेवायला लागले. अम्मीच्या ताटात काय वाढते, तिच्याशी कशी बोलते, मी आल्यावर आवाज बदलतो का. मी घरात शिरले की दोघी बोलायच्या थांबायच्या, हेही माझ्या लक्षात आलं. नवऱ्याला म्हटलं, ही अम्मीला मारते नाहीतर काहीतरी खायला घालते. तो म्हणाला, काय बी बोलू नको. एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला उठून गेला. त्याचंही मला विचित्र वाटलं, पण भाभीवर माझी नजर इतकी रोखलेली होती की ते तिथंच राहिलं.

शेवटी मी अम्मीला बारामतीला आणली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉईड तपासायला सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आला. माझा लॅबवर विश्वास नव्हता म्हणून दुसऱ्या लॅबमधे पुन्हा करून घेतला, तोही नॉर्मल. मग त्यांनी एका डॉक्टरणीकडं पाठवलं, ती म्हणे फक्त ग्रंथींचीच डॉक्टर. ग्रंथींचा वेगळा डॉक्टर असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वयानं माझ्या भाचीएवढी मुलगी. मी मनात म्हटलं, ही काय सांगणार.

तिनं अम्मीचे गाल बघितले, मान बघितली, पोटावरच्या जांभळ्या रेघा बघितल्या. दंडावरचे डाग बघून म्हणाली की कातडी पातळ झालीय, नुसतं धरलं तरी डाग पडेल. मग अम्मीजवळ खुर्ची ओढून तिनं विचारलं, आजी, गुडघ्यासाठी कसली पुडी, चूर्ण, काही घेता का? अम्मी म्हणाली न्हाय. म्हणताना तिनं पदर दोनदा सारखा केला. अम्मी खोटं बोलते तेव्हा पदर सारखा करते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण मी त्याचा अर्थ काय काढला? ही भाभीला भिते.

डॉक्टरणीनं सकाळी आठला रक्त द्यायला सांगितलं. दुपारनंतर रिपोर्ट मोबाइलवर आला, तोवर अम्मी हट्ट करून नवऱ्याबरोबर निरवांगीला परत गेलीसुद्धा होती. मी एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरणीनं कागदाच्या मागं चित्र काढून मला समजावलं. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिथून हुकूम सुटतात. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात, त्या हुकूम ऐकून कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन तयार करतात. ताप येवो, पडझड होवो, अंगावर काहीही येवो, माणसाला उभं ठेवतो तो हाच. अम्मीच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की तिच्या अंगात हा हार्मोन उतू चाललाय. आणि रक्तात तो जवळजवळ नव्हताच.

मी म्हटलं, असं कसं?

ती म्हणाली, "म्हणजे तसलंच औषध बाहेरून पोटात जातंय, स्टेरॉइड. बाहेरून आयतं मिळालं की या ग्रंथी काम सोडून झोपतात. घरात शोधा. पण सापडलं तर एकदम बंद करू नका. आजींना आणि ते औषध घेऊन माझ्याकडं या, आपण हळूहळू कमी करू."

तिचं पहिलं वाक्य ऐकून मला जिंकल्यासारखं वाटलं. बाहेरून पोटात जातंय! मी म्हणत नव्हते? आणि पुढचं वाक्य ऐकून तिचाच संशय आला. विष सापडलं तर बंद करू नका? हे कुठलं डॉक्टरी शास्त्र? एका तपासणीवर भागत नाही, म्हातारीला वर्षभर हेलपाटे घालायला लावायचेत, असं मी धरून चालले. रस्ताभर तेच डोक्यात घोळवत दुसऱ्या दिवशी एसटीनं निरवांगी गाठली.

अम्मी ओसरीत होती. मी कुणाशी बोलले नाही. तिची पेटी उसकटली, गादी उलटी केली, फडताळ रिकामं केलं. मग स्वयंपाकघरात शिरले आणि शेवयांच्या डब्यात हात घातला. शेवयांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या होत्या, वीस-बावीस तरी. एक उघडली. तपकिरी भुकटी. सुंठीचा वास होता, ओव्याचा होता. जिभेवर ठेवली तर मागून कडू लागलं. शेवयांचा डबा भाभीच्या स्वयंपाकघरात, म्हणजे आणखी काय पुरावा पाहिजे? वर्तमानपत्राचं पान बारामतीचं होतं. ते मी वाचलंही. वाचलं आणि पुढं गेले.

मग माझं तोंड सुटलं. भाऊ रानातून पळत आला, शेजारच्या दोन बायका दारात उभ्या राहिल्या, आणि त्या सगळ्यांसमोर मी भाभीला म्हटलं की तू माझ्या आईला विष घालतेस.  ती एकदाच म्हणाली की मला वाटलं ते पोटाचं चूर्ण हाय, अम्मीच घेत्यात. मी म्हटलं, बघा, आता म्हातारीवर ढकलते. आणि पुड्यांचं ते बोचकं घेऊन मी गोठ्यामागं गेले आणि शेणाच्या ढिगावर भिरकावलं.

अम्मी माझ्यामागं आली होती. ती म्हणाली, "एक तरी ठेव गं."

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, आता कुणाला भ्यायचं काम नाही तुला. ती माझ्याकडं बघत राहिली. मला तेव्हा फार बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. डागी फळ हाताला लागलं होतं आणि मी ते बाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीचा फोन आला. मी गाळ्यावर होते, गर्दी काही नव्हती, तरी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी भाभीचा फोन आला की अम्मीला मळमळतंय, जेवत नाहीत, उठवत नाही म्हणतात. मी म्हटलं, आता नवीन नाटक नको. पुड्या परत सुरू करायला तुला कारण पाहिजे, मला कळत नाही का? आणि फोन ठेवला. हे शब्द मी बोलले. ते मला कुणी विसरू दिलं तरी मी विसरणार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी भावाचा फोन. अम्मीला उलट्या थांबेनात, हाक मारली तर नीट ओ देत नाही, इंदापूरला दवाखान्यात नेतोय. नवऱ्यानं टेम्पो काढला. पिंपळीच्या पुढं उसाच्या दोन ट्रॅक्टरांमागं आम्ही अडकलो. मी हॉर्न दे म्हणून ओरडत होते आणि तो दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता. मी मनात भाभीला शिव्या देत होते. मला अजून वाटत होतं की तिनंच आणखी काहीतरी घातलं.

इंदापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन भावाला विचारत होते. बीपी लागत नाहीये, साखर खाली गेलीय, कशानं ते कळत नाही. नेहमीचं काही औषध होतं का? भाऊ माझ्याकडं बघायला लागला. आणि माझी जीभ उचलेना. मला त्या डॉक्टरणीचा प्रत्येक शब्द आठवत होता, पण तो बोलून दाखवायचा म्हणजे मी काय केलं ते सांगायचं.

भाभी पुढं आली. तिनं पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि एक पुडी काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली. म्हणाली, "लई महिने घेत हुत्या, दिवसाला तीन. चार दिस झालं बंद केल्या. तवापास्नं असं हाय."

डॉक्टरांनी पुडी उघडली, बोटाला लावून बघितली आणि आत पळाले. नर्सला इंजेक्शनचं नाव ओरडून सांगितलेलं मी ऐकलं. नंतर कळलं की तोच हार्मोन होता, शिरेतून दिलेला. आयती भुकटी मी तोडली होती, आणि अम्मीच्या झोपलेल्या ग्रंथींना जागं व्हायला कुणी वेळच दिला नव्हता. अंगात तो हार्मोन थेंबभरही नव्हता. आणखी दोन तास गेले असते तर, असं डॉक्टर म्हणाले आणि परत आत गेले.

मी भाभीला विचारलं, ही पुडी कुठून आली? ती म्हणाली, तुमी फेकल्या तवा मी नंतर जाऊन एक उचलून ठेवली, म्हटलं उद्या कुणी इचारलं तर. अम्मी एक तरी ठेव म्हणाली होती ना, तेही तिनं ऐकलं होतं. तिनं मला ना टोमणा मारला, ना वर मान करून बघितलं. मारला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी अम्मीनं डोळे उघडले, पाणी मागितलं. मी बाहेर आवारात आले. नवरा टेम्पोच्या मागं उभा होता. फाळका खाली सोडलेला, आत रिकामी कॅरेट एकात एक घातलेली. मला बघून तो म्हणाला, "मी आणायचो."

मी विचारलं, काय? मग त्यानं सगळं सांगितलं. अम्मीनं त्याला फोन केला होता, गुडघ्याला काही मिळतं का म्हणून. त्याची पाठ धरली होती तेव्हा यार्डाजवळच्या एका चूर्णवाल्याकडून त्यानं पुड्या आणल्या होत्या, दोन दिवसांत पाठ मोकळी झाली होती. त्याच त्यानं अम्मीला दिल्या. मग दर आठवड्याला. रिकाम्या कॅरेटमधे, तळाला जो कागद घालतो आम्ही, त्याच्याखाली ठेवून न्यायचा. वरचा कागद काढला की अम्मी पुड्या उचलायची. अम्मी त्याला म्हणाली होती की माझ्या पोरीला सांगू नका, ती फेकून दील.

गाळ्यात येणारं एकेक कॅरेट मी पालथं करते. रिकामी कॅरेट जाताना मी कधी हात लावला नव्हता. त्यात काय बघायचं? माझ्याच टेम्पोतून, माझ्याच कॅरेटमधून, माझ्याच गाळ्यावरच्या वर्तमानपत्रात गुंडाळून हे दोन वर्षं जात होतं, आणि मी भाभीनं वाढलेली आमटी तपासत होते.

नवऱ्यावर मी ओरडले नाही. ओरडायला तोंडच राहिलं नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? आम्हा दोघांनाही उत्तर ठाऊक होतं.

त्यानंतर डॉक्टरणीनं अम्मीला रोजच्या गोळ्या दिल्या, मोजून, आणि दर काही आठवड्यांनी त्या कणाकणानं कमी करत आणल्या. ताप आला तर दुप्पट द्यायच्या, हे भाभीनं एका वहीच्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय. मी डॉक्टरणीला मी काय केलं ते सगळं सांगितलं. ती रागावली नाही, पण फोन का उचलला नाही असं विचारलं, आणि मी गर्दी होती असं म्हणता म्हणता थांबले. अम्मीच्या चेहऱ्याची सूज हळूहळू उतरली, दंडावरचे डाग गेले, हाडं दिसायला लागली. गेल्या महिन्यात सकाळचं रक्त तपासलं तेव्हा ग्रंथींनी थोडं का होईना स्वतःचं काम सुरू केलंय, असं ती म्हणाली. पूर्ण जाग यायला अजून वेळ लागेल.

आता मी दर आठवड्याला टेम्पोबरोबर जाते. भाभीची माफी मागितली, त्याच ओसरीत, शेजारच्या दोघींना बोलावून. तिनं जाऊ द्या आपा म्हटलं आणि चहा ठेवला. अम्मी नमाज खुर्चीवर पढते. जानमाज घडी घालून तिच्या मांडीवर असते.

मागच्या खेपेला पढून झाल्यावर मी तिच्या पायाशी बसले. पेरू निवडायचे तसेच ठेवले, मान वर केली आणि विचारलं, अम्मी, खरं सांग, गुडघे दुखतात का?

अम्मी म्हणाली, "न्हाय गं, काय न्हाय." आणि तिनं पदर सारखा केला. एकदा, मग परत एकदा.

मी उठून हात धुवायला मोरीत गेले. पाणी ओतता ओतता बाहेरचं ऐकू येत होतं. भाभीनं तिला तेच विचारलं, माझ्याहून हळू आवाजात.

"व्हय," अम्मी म्हणाली, "लई दुखत्यात."